परसातली केळी, प्रसादाचं माप आणि घरचा केक

भंडारा जिल्हा म्हटला की डोळ्यांसमोर धान येते, तलाव येतात, वैनगंगा येते. केळीचे नाव निघाले की आपण जळगावकडे बोट दाखवतो आणि ते बरोबरच आहे. रावेर, यावल, चोपड्याची केळी दूर उत्तरेपर्यंत जाते. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या मानाने आपल्याकडे केळीच्या बागा थोड्या. पण केळीचे बेट मात्र कितीतरी घरांच्या परसात आहे. न्हाणीचे पाणी जिथे वाहत जाते तिथे कोणीतरी कधीतरी एक मुनवा लावलेला असतो. त्याचे बेट होते. खत नाही, फवारणी नाही, तरी वर्षाकाठी दोन-चार घड हाती लागतातच.

अडचण येते ती घड पिकल्यावर. हा माल एकेक करून पिकत नाही. तणसात दाबून ठेवलेला घड चार-पाच दिवसांत सगळाच्या सगळा पिवळा होतो. पहिल्या दिवशी पोट्टे हात मारतात, दुसऱ्या दिवशी शेजारी एक-एक फणी जाते, तिसऱ्या दिवशी शिकरण होते. चौथ्या दिवशी सालीवर काळे डाग पडतात आणि मग केळी कोणी हातात धरत नाही. शेवटी उरलेली फणी गुरांपुढे जाते. उन्हाळ्यात तर एवढाही धीर निघत नाही. आठवडी बाजारातल्या गाडीवाल्याचेही तेच. सांजेला उरलेली डागी केळी तो मातीमोल देऊन टाकतो.

आता गंमत अशी की केकसाठी हीच डागी केळी सगळ्यात चांगली. ‘केक’ म्हटले की आपल्याला बेकरी, वाढदिवस, मेणबत्ती आठवते. ते शहराचे काम, आपल्या चुलीचे नव्हे, असे वाटते. या लेखात सांगायचे आहे ते याच्या उलट. केळ्याच्या केकचे प्रमाण आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे, भाजायची रीतही आहे. नाही ते फक्त कागदावर लिहिलेले. आणि लिहिलेले नाही म्हणून ते दर घरातल्या एकेका बुढीमायसोबत संपत चालले आहे.

प्रसादाचे माप, केकचे माप

सत्यनारायणाच्या पूजेचा प्रसाद आठवा. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. सव्वा पाव असो, सव्वा शेर असो की सव्वा किलो असो, तिन्ही जिन्नस सारखे. त्यात दूध आणि पिकलेली केळी. हे माप कोणी पुस्तकात पाहून शिकले नाही. घरातल्या बाईने सासूचे पाहिले, सासूने तिच्या सासूचे पाहिले.

आता इंग्लंडातला जुना ‘पाउंड केक’ बघा. त्याचे नावच मापावरून पडले. मैदा एक पौंड, लोणी एक पौंड, साखर एक पौंड आणि अंडीही एक पौंड. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही लक्षात राहावे म्हणून सगळे सारखे. आपला सव्वा आणि त्यांचा पौंड यांत फरक एवढाच की आपण तो घोळ कढईत परततो आणि ते भट्टीत भाजतात. म्हणजे ज्या घरात प्रसादाचा शिरा नीट जमतो, त्या घरात केळ्याच्या केकची अर्धी कृती आधीच आहे.

केक आणि केळी यांची गाठ आपल्या देशातही जुनीच आहे. केरळातल्या तलश्शेरी येथे मंबळ्ळी बापू यांची बिस्किटांची बेकरी होती. १८८३ मध्ये मर्डॉक ब्राउन नावाच्या एका इंग्रज मळेवाल्याने त्यांना नाताळचा केक करून मागितला. त्यात विलायती ब्रँडी घालायची होती. बापूंनी तिच्याऐवजी तिकडच्या काजूच्या बोंडांपासून आणि कदली केळ्यांपासून आंबवलेला रस वापरला, असे सांगितले जाते. भारतीय माणसाने केलेला देशातला पहिला नाताळचा केक म्हणून तो ओळखला जातो. बाहेरची कृती आणि घरचे फळ, असा मेळ त्यांनी तेव्हाच घातला होता.

अमेरिकेत केळ्याचा गोड पाव घरोघरी पोचला तो १९३० च्या दशकात. ते मंदीचे दिवस होते. काळे पडलेले केळेही टाकून द्यायला जीव धजत नव्हता आणि बेकिंग पावडर, सोडा तोवर किराणा दुकानात सहज मिळू लागला होता. कृती घडली ती काटकसरीतून, चैनीतून नव्हे. आपल्या परसातल्या चौथ्या दिवसाच्या फणीचे दुखणे हेच तर आहे.

भट्टी नाही, मग भाजायचे कशात?

हा प्रश्न पहिला येतो. पण ज्या विदर्भात गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जातात आणि पळसाच्या पानांत पानगे भाजले जातात, तिथे हा प्रश्न पडायला नको. रोडगा भाजणाऱ्या माणसाला आच कळते. धूर निघून गेला पाहिजे, जाळ नको, आर हवा, वरूनही आच हवी आणि खालूनही. भट्टीचे शास्त्र याहून वेगळे नाही.

कोकणात मोठ्या तवश्याचे, म्हणजे काकडीचे, धोंडस करतात. तांदळाचा रवा, गूळ आणि किसलेले तवसे भांड्यात घालून, झाकणावर निखारे ठेवून भाजायची ती जुनी पद्धत. गोव्यातला बेबिंका तर थरावर थर देत वरच्या आचेवरच भाजतात. या घरांत विजेची भट्टी आली ती फार उशिरा. त्याआधी चूल, जाड भांडे आणि झाकणावरचे निखारे, एवढ्यावरच सगळे चालत होते.

भांड्याच्या बाबतीत तर भंडाऱ्याने कोणाचे तोंड पाहायचे कारण नाही. पितळी भांड्यांसाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेले. जुना जाड बुडाचा पितळी गंज माळ्यावर पडला असेल तर तो खाली काढा. जाड पितळ आच सावकाश घेते आणि सगळीकडे सारखी पसरवते, त्यामुळे बूड करपत नाही. एक खबरदारी मात्र घ्यायलाच हवी. गंजाला आतून कल्हई केलेली असली पाहिजे. केळे, दही, गूळ हे सगळे थोडेफार आंबट जिन्नस आहेत. बिनकल्हईच्या पितळेत ते कळकतात आणि खाणाऱ्याला बाधतात. कल्हई नसेल तर गंज बाहेरच्या भांड्यासारखा वापरा आणि आत जर्मनचा किंवा स्टीलचा डबा ठेवा.

गॅस असेल तर कढईत नाहीतर जुन्या गंजात बोटभर जाडीचा रेतीचा थर द्यावा. रेती चाळून, धुऊन, उन्हात वाळवलेली असावी. वैनगंगेच्या काठच्या माणसाला रेती कुठून आणायची हे सांगायला नको, आणि दोन ओंजळी रेतीला कोणी रॉयल्टीही मागणार नाही! रेतीऐवजी जाडे मीठही चालते. रेतीवर एक रिंग ठेवावी, घट्ट झाकण ठेवून दहा मिनिटे तापू द्यावे आणि मग केकचा डबा रिंगवर ठेवावा. काही जण हे काम कुकरमध्ये करतात. तसे करायचे झाल्यास शिट्टी आणि रबरी रिंग दोन्ही काढलीच पाहिजेत. तरीही रोजच्या वापरातला चांगला कुकर यासाठी घेऊ नये. पाण्याशिवाय तापवल्याने तो खराब होतो.

चुलीवर करायचे असेल तर निखाऱ्यांचा हिशेब लक्षात ठेवा. खाली एक वाटा, झाकणावर दोन वाटे. खालची आच जास्त झाली की बूड काळे पडते आणि मधला भाग कच्चा राहतो. गोवरीचा धूर पूर्ण गेल्यावरच भांडे ठेवावे, नाहीतर केकला धुराचा वास लागतो.

केळी कोणती घ्यावी?

कच्च्या केळ्यात स्टार्च भरपूर असते. केळे पिकते तसतशी त्या स्टार्चची साखर होत जाते. पूर्ण पिकलेल्या केळ्यात स्टार्च अगदी थोडे उरते. म्हणून सालीवर काळे ठिपके पडलेले केळे जास्त गोड आणि जास्त वासाचे असते, कुस्करतेही चटकन. साल पूर्ण काळी पडली तरी आतला गर घट्टसर आणि गोड वासाचा असेल तर तो केकला उत्तम.

पण डागी आणि सडकी यांत फरक आहे, तो विसरू नका. केळे फुटून पाणी सुटले असेल, दारूसारखा आंबूस वास येत असेल, देठापाशी बुरशी दिसत असेल तर ते केळे केकमध्ये घालू नये. ते खतात जाऊ द्या. भाजल्याने सडका माल चांगला होत नाही.

बाजारातून केळी घेणार असाल तर आणखी एक गोष्ट पाहा. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूने ठरवून दिलेल्या मर्यादेत पिकवायला परवानगी आहे. कार्बाइडचे केळे बाहेरून एकसारखे पिवळे दिसते, आतून मात्र बरेचदा कडक आणि बेचव निघते. असल्या केळ्याचा केकही बेचवच होणार. घरी पिकवायचे तर तणीस आपल्याकडे भरपूर आहे.

एकाच वेळी फार केळी पिकली आणि घरी फ्रीज असेल तर गर कुस्करून, थोडा लिंबाचा रस घालून डब्यात भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. महिनाभर वापरता येतो.

पहिली कृती : रवा-केळ्याचा केक

ही कृती प्रसादाच्या मापावरूनच निघाली आहे. केळे स्वतः गोड आणि ओलसर असल्यामुळे साखर आणि तूप कमी केले आहे. यात अंडे नाही.

बारीक रवा २५० ग्रॅम, साखर १५० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम, ताजे दही २०० ग्रॅम, सोललेल्या केळ्यांचा गर २५० ग्रॅम, दूध ५० मिलिलिटर. त्याशिवाय बेकिंग पावडर एक सपाट छोटा चमचा, खाण्याचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची आणि जायफळ.

तूप आणि साखर एकत्र फेसून घ्यावी. त्यात दही घालावे. केळी हाताने किंवा पळीने चांगली कुस्करून त्यात मिसळावीत. मग रवा घालून सगळे कालवावे आणि अर्धा तास झाकून ठेवावे. ही अर्ध्या तासाची घाई करू नका. रवा फुगला नाही तर केक खाताना दाताखाली रवाळ लागतो. तेवढ्या वेळात रेती तापत ठेवावी. शेवटी दूध, बेकिंग पावडर, सोडा आणि वेलची-जायफळ घालून एका दिशेने हलवावे. सोडा पडल्यानंतर फार घोटू नये आणि ताटकळतही ठेवू नये. दह्याचा आंबटपणा आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो आणि त्यानेच केक फुगतो. तो वायू भट्टीत सुटला पाहिजे, परातीत नव्हे.

डब्याला तूप लावून वर थोडे पीठ भुरभुरावे. डबा दोन तृतीयांशच भरावा. मंद ते मध्यम आचेवर पन्नास मिनिटे ते एक तास लागतो. पहिली अर्धा तास झाकण उघडू नये. वरून रंग आला की झाडूची नव्हे, स्वच्छ बांबूची काडी मधोमध खुपसून पाहावी. काडी कोरडी निघाली की झाले. डबा बाहेर काढून पूर्ण थंड झाल्यावरच केक उलटा करावा.

वरच्या जिन्नसांची बेरीज करून पाहा. घोळ बरोबर किलोभर होतो. भाजताना साधारण दहावा हिस्सा पाणी उडून जाते. म्हणजे हाती नऊशे ग्रॅमच्या आसपास केक येतो. हा आकडा लिहून ठेवा, पुढे हिशेबाला लागणार आहे.

दुसरी कृती : तांदळाची आणि गुळाची

आपला जिल्हा धानाचा. भरडाईत कणी निघते आणि तिला अख्ख्या तांदळाचा भाव मिळत नाही. त्या कणीचे पीठ केकला चालते. मात्र निव्वळ तांदळाच्या पिठाचा केक सुटा होतो, कापताना भुगा पडतो. गव्हाच्या पिठात ओलावा लागला की जो चिकटपणा येतो तो तांदळात नाही. म्हणून अर्धी कणीक आणि अर्धे तांदळाचे पीठ घ्यावे. केळ्याचा गरही बांधून ठेवायचे काम करतो, म्हणून इथे केळी थोडी जास्त आहेत.

कणी धुऊन, सावलीत वाळवून बारीक दळलेले पीठ १२५ ग्रॅम, कणीक १२५ ग्रॅम, किसलेला गूळ १५० ग्रॅम, तूप किंवा वास नसलेले तेल १०० ग्रॅम, केळ्यांचा गर ३०० ग्रॅम, दही १५० ग्रॅम, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, सोडा पाव छोटा चमचा, मीठ चिमूटभर, सुंठ किंवा वेलची. लागल्यास दोन-तीन चमचे दूध.

गूळ दह्यात विरघळवून गाळून घ्यावा. गुळात बरेचदा कचरा, चिपाडाचा तुकडा असतो. पुढची रीत पहिल्यासारखीच. गुळामुळे केक गडद दिसतो आणि लवकर लाल होतो, म्हणून आच थोडी कमी ठेवावी.

बिघडले तर काय चुकले?

केक मधोमध खचला : झाकण लवकर उघडले किंवा सोडा जास्त पडला. साबणासारखी चव आली : सोडाच जास्त. मध्ये कच्चा आणि खाली काळा : खालची आच जास्त. दगडासारखा बसला : बेकिंग पावडर जुनी किंवा घोळ फार घोटला. पावडर जुनी आहे का ते पाहायला ती चमचाभर गरम पाण्यात टाका. फसफसली तर चांगली. खाली चिकट, ओला थर राहिला : केळे ठरल्यापेक्षा जास्त पडले. केळे भरपूर आहे म्हणून भरपूर घालू नये. केक म्हणजे केळ्यांची विल्हेवाट नव्हे.

बुढीमायचा अंदाज वजनात कसा आणायचा?

आता मुद्द्याचे. तुमच्या घरी केळ्याचे गुलगुले, शिरा, घारगे असे काहीतरी पूर्वीपासून होत असेल. करणारीला विचारा, “किती पीठ?” ती म्हणेल, “मावेल तेवढं.” “गूळ किती?” “गोड होईल तेवढा.” ती थट्टा करत नाही. तिच्या हाताला माप माहीत आहे, तोंडाला नाही. ओंजळ, पसा, मूठ, चिमूट ही तिची मापे. पण तिची मूठ वेगळी आणि सुनेची मूठ वेगळी. वाटीच्या मापातही फसगत होते. त्याच वाटीत रवा वजनाने जास्त भरतो आणि पीठ कमी, दाबून भरले तर आणखी वेगळे.

यावर उपाय सोपा आहे. तिला विचारत बसू नका, तिला करू द्या. पिठाचा डबा काट्यावर ठेवा, वजन लिहा. तिने तिच्या हाताने पीठ घेतले की डबा पुन्हा ठेवा, वजन लिहा. जितके कमी झाले तितके तिचे माप. गूळ, तूप, दही, सगळ्याचे असेच करा. केळी सोलून गराचे वजन घ्या, सालीसकट नको. चूल पेटल्यापासून भांडे उतरेपर्यंत घड्याळ पाहा. एकदा करून भागत नाही, तीन वेळा करा. तिन्हींची सरासरी म्हणजे तुमच्या घरची कृती. वहीत वर तिचे नाव लिहा, तारीख लिहा. सातबारा जपून ठेवता ना? मग हेही जपून ठेवण्यासारखेच आहे. शेत मोजले म्हणून ते कोणाचे हे कळते. बाईच्या हातचे मोजले गेले नाही म्हणून ते कोणाचेच राहिले नाही.

ही नुसती हौसेची गोष्ट नाही. माल विकायचा म्हटले की पहिली मागणी हीच येते की मागच्या वेळी होता तसाच द्या. ज्या बचत गटाचा केक एका आठवड्याला मऊ आणि दुसऱ्या आठवड्याला कडक, त्याचे गिऱ्हाईक तिसऱ्या आठवड्याला येत नाही. अंदाजावर घर चालते, धंदा चालत नाही.

विकायचा विचार असेल तर

आधी हिशेब मांडा. किलोभर घोळाला लागणारा प्रत्येक जिन्नस तुमच्या बाजारभावाने लिहा. परसातले केळे फुकट धरू नका, बाजारात उरत्या मालाला जो भाव मिळतो तो धरा. गॅस किंवा जळण धरा, पिशवी आणि चिठ्ठी धरा. बाईचे दोन तास धरा. बहुतेक हिशेबांत हीच एक रक्कम राहून जाते आणि मग नफा दिसतो. एकूण रकमेला नऊशे ग्रॅमने भागा, हजाराने नव्हे. जो आकडा येईल त्याच्या खाली विकायचे नाही.

दुसरे, टिकाऊपणाबद्दल गिऱ्हाइकाशी खोटे बोलू नका. केळ्याचा केक ओलसर असतो. उन्हाळ्यात बाहेर दीड-दोन दिवस, थंडीत तीन दिवस, याच्यावर भरवसा ठेवू नये. फ्रीजमध्ये चार-पाच दिवस निघतात. गरम असताना पिशवीत भरला तर आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. म्हणून हा माल दूरच्या दुकानात ठेवायचा नाही. आठवडी बाजार, शाळा-कॉलेजचे कार्यक्रम, तालुक्याच्या ठिकाणची ऑर्डर, एवढ्या टप्प्यातच तो विकावा. आज भाजला, उद्या संपला, असाच बेत असावा.

तिसरे, कागद. अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा आहे आणि तो २०११ पासून लागू झाला. घरून खाद्यपदार्थ करून विकणाऱ्या छोट्या उत्पादकालाही नोंदणी लागते. भंडाऱ्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी. पाकिटावर पदार्थाचे नाव, त्यातले जिन्नस, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा ती तारीख, करणाऱ्याचे नाव-पत्ता आणि नोंदणी क्रमांक असावा. अंडे घातले असेल तर शाकाहाराचे हिरवे चिन्ह लावता येत नाही.

आणि ही नोंदणी कोणाच्या नावावर? कृती बाईची, भाजणार बाई, आणि कागदावर मात्र घरच्या पुरुषाचे नाव, असे करू नका. नोंदणी तिच्या किंवा गटाच्या नावावर असावी, पैसेही तिच्या खात्यात जावेत. पुढे कर्ज मागायला बँकेत जाल तेव्हा तिच्या नावावर व्यवहार दिसला पाहिजे.

गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, उमेद आणि माविमच्या कार्यकर्त्या यांनी यात फार मोठे काही करायचे नाही. गटाच्या बैठकीत एक काटा आणि एक वही ठेवावी आणि दर बैठकीला एका घरची एक जुनी कृती मोजून लिहावी. वर्षभरात गावाची वही तयार होते. साकोलीला कृषी विज्ञान केंद्र आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. तिथे प्रक्रिया उद्योगाच्या प्रशिक्षणाची चौकशी करून गटाला तारीख कळवावी. आठवडी बाजार ग्रामपंचायतीचा असेल तर गटाला सावलीची एक जागा द्यावी. उन्हात ठेवलेला केक दुपारपर्यंतही टिकत नाही.

केंद्राने २०२० मध्ये सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांसाठी योजना आणली. तीत वैयक्तिक उद्योगाला प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान, आणि बचत गटातल्या सदस्याला बीज भांडवल म्हणून ४० हजार रुपयांपर्यंतची तरतूद ठेवण्यात आली होती. सध्या कोणती योजना सुरू आहे, अर्ज कुठे करायचा, हे तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. मात्र अनुदानाच्या आशेने आधीच मोठी भट्टी घेऊ नका. आधी रेतीच्या गंजात वीस वेळा केक करा. वीसही वेळा सारखा जमला आणि विकला गेला, तर मग भट्टीचा विचार करा.

केळ्याच्या एका बेटावर संसार चालणार नाही, हे खरे आहे. धानाला पर्याय म्हणून हे कोणी सांगत नाही. पण गुरांपुढे जाणारी फणी, कमी भावात जाणारी कणी, माळ्यावर पडलेला गंज आणि घरातल्या म्हातारीच्या हातातले माप, या चारही गोष्टी घरात पडूनच आहेत. पहिल्या तीन उद्याही राहतील. चौथीचे तसे नाही. तेव्हा या खेपेला घड उतरवाल, तेव्हा तो तणसात दाबायच्या आधी काटा पुसून ठेवा आणि पोराची एक कोरी वही मागून घ्या.